तबेल्यातली शाळा : मदर मेरी मॅकिलॉप (१८४२–१९०९)

दक्षिण ऑस्ट्रेलियात पेनोला नावाचे एक लहानसे गाव आहे. १८६६ साली या गावात एक तबेला रिकामा पडलेला होता. जॉन मॅकिलॉप नावाच्या तरुणाने त्याची डागडुजी केली आणि त्याच्या तीन बहिणींनी तिथे शाळा भरवायला सुरुवात केली. थोरली मेरी त्या वेळी चोवीस वर्षांची होती. ॲनी आणि लेक्सी तिच्याहून धाकट्या. पन्नासावर मुले शिकायला येऊ लागली. बहुतेक मुले गरिबांची. ज्याला फी देता येई त्याने द्यावी, ज्याला देता येत नसे त्याने न देता बसावे, असा तिथला रिवाज होता.

भगिनींनो, आपल्याकडे पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली ती १८४८ साली. तेव्हा ही मेरी सहा वर्षांची होती. सावित्रीबाईंचे नाव तिच्या कानावर कधी गेले असण्याचा संभव नाही. तरीही तिचे चरित्र वाचताना आपल्याकडच्या त्या पहिल्या शिक्षिकेची आठवण वारंवार येते. मात्र मेरीची कथा मला सांगावीशी वाटली ती केवळ शाळेकरिता नव्हे. शाळा काढणाऱ्या स्त्रिया पुष्कळ झाल्या. बायकांनी उभारलेल्या संस्थेचा कारभार कोणी पाहायचा, या एकाच प्रश्नावर या बाईला जन्मभर झगडावे लागले, आणि मंडळ चालविणाऱ्या आपणा सर्वांना हा प्रश्न काही अगदीच परका नाही.

मेरीचा जन्म १५ जानेवारी १८४२ रोजी मेलबोर्न शहरातल्या फिट्झरॉय भागात झाला. आईवडील स्कॉटलंडहून आलेले, धर्माने रोमन कॅथॉलिक. वडील अलेक्झांडर हे धर्मगुरू होण्यासाठी रोममध्ये शिकलेले, पण दीक्षा घेण्यापूर्वीच परत फिरलेले. माणूस विद्वान, पण व्यवहारात कच्चा. पैसा हाती टिकला नाही. आठ मुलांचा संसार कधी स्वतःच्या घरात, तर कधी नातेवाइकांच्या आश्रयाने चाले. अशा घरात थोरल्या मुलीचे बालपण किती लवकर संपते हे मी सांगायला नको. सोळाव्या वर्षाच्या सुमारास मेरी मेलबोर्नमध्ये कागद-पुस्तकांच्या दुकानात कामाला लागली. १८६० साली ती पेनोला येथे काका-काकूंच्या मुलांना शिकविण्यासाठी गेली. शिकविताना तिने शेतावरच्या मजुरांची मुलेही जवळ बसवून घेतली. याच गावी तिची जूलियन टेनिसन वुड्स या धर्मगुरूशी ओळख झाली.

वुड्स हे मोठे विलक्षण गृहस्थ. धर्मगुरू असून भूगर्भशास्त्राचे जाणकार. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या खडकांवर त्यांनी १८६२ साली ग्रंथ लिहिला. त्यांच्याकडे सोपविलेला मुलूख इतका अफाट होता की आपल्याकडचे एखाद-दोन जिल्हे त्यात सहज मावतील. घोड्यावर बसून ते रानोमाळ हिंडत, आणि शाळेचे तोंडही न पाहिलेली मुले त्यांना जागोजागी भेटत. या मुलांसाठी काहीतरी केले पाहिजे ही तळमळ दोघांची सारखीच. पण मेरीच्या मागे घर होते. ती पोर्टलंड येथे शिक्षिका झाली, तिथे तिने स्वतःची शाळा काढून कुटुंबाला आधार दिला, आणि घरची घडी थोडी बसल्यावरच ती पेनोलाला परतली. १९ मार्च १८६६ या संत जोसेफच्या सणाच्या दिवशी तिने साधा काळा पोशाख चढविला. मनातला निश्चय तिने अशा रीतीने लोकांपुढे मांडला.

पुढच्या वर्षी बिशपच्या बोलावण्यावरून ती ॲडलेड शहरात आली. १५ ऑगस्ट १८६७ रोजी तिने व्रते घेतली आणि ती ‘क्रुसाची मेरी’ झाली. संघाला संत जोसेफचे नाव मिळाले. या भगिनींचा पोशाख तपकिरी होता, म्हणून लोक त्यांना गमतीने ‘ब्राउन जोइज’ म्हणत. १८७१ पर्यंत दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि क्वीन्सलंड मिळून सुमारे १३० भगिनी चाळीसहून अधिक शाळांतून आणि आश्रयस्थानांतून काम करीत होत्या. अनाथ मुले, निराधार बाया, तुरुंगातून सुटून आलेल्या स्त्रिया, सर्वांना त्यांच्याकडे थारा होता. खर्च भागविण्यासाठी भगिनी दारोदार फिरून मदत मागत. चार वर्षांत एवढे काम वाढले, याचे एक कारण त्या काळच्या परिस्थितीत होते. तिथल्या वसाहतींची सरकारे धार्मिक शाळांची मदत एकामागून एक बंद करीत होती. पगारी शिक्षक ठेवायला पैसा नाही आणि मुले तर वाढत आहेत, अशा पेचात कॅथॉलिक समाज सापडला होता. भाकरीवर राबणाऱ्या या बाया त्याला देवाने धाडल्यासारख्या वाटल्या असल्यास नवल नाही.

या संघाचे नियम नीट समजून घेतले पाहिजेत, कारण पुढचे सारे रामायण त्यावरूनच घडले. युरोपातल्या जुन्या संघांत मोठमोठे मठ असत. त्यांत सुशिक्षित, घरंदाज भगिनी एका पायरीवर, तर भांडी घासणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या दुसऱ्या पायरीवर असत. मेरीच्या संघात ही उतरंडच नव्हती. सर्व भगिनी एका पंगतीच्या. दोघी-तिघींनी मिळून एखाद्या खेड्यात झोपडीवजा घर घ्यायचे, लोक राहतील तसे राहायचे आणि शिकवायचे. सुरुवातीला त्यांना वाद्यसंगीत शिकवायलाही मनाई होती! पियानो हे श्रीमंतांच्या मुलींचे शिक्षण. त्याच्या फीचा मोह पडला की गरिबांची मुले मागे पडणार, असा त्यामागचा विचार. (आपल्याकडे शिकवणीचे वर्ग काढून संस्था चालविणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा. मला स्वतःला ही मनाई जरा कडकच वाटते.)

पण खरा कळीचा नियम निराळाच होता. कॅथॉलिक समाजाचे प्रांत पाडलेले असतात आणि प्रत्येक प्रांतावर एक बिशप असतो. आपल्या प्रांतातल्या भगिनी आपल्या आज्ञेत असाव्यात, अशी बहुतेक बिशपांची समजूत असे. मेरीचे म्हणणे असे, की भगिनींनी आपल्यातूनच एक प्रमुख निवडावी आणि कुठल्याही प्रांतातल्या शाखेचा कारभार तिने पाहावा. कोणती भगिनी कुठल्या गावी जाईल, कोणाची प्रकृती कुठे मानवेल, पैसा कुठून कुठे द्यायचा, हे त्या प्रमुखाने ठरवावे. बिशपांचा मान राहील, धर्माच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. परंतु घर चालवायचे ते घरच्या बायांनी.

आता वाचताना ही मागणी किती साधी वाटते! त्या काळी ती अनेकांना उद्धटपणाची वाटली.

ॲडलेडचे बिशप लॉरेन्स शील हे आयर्लंडचे. प्रकृतीने खंगलेले आणि बराच काळ प्रांताबाहेर. त्यांच्याच संमतीने संघाचे नियम मंजूर झाले होते. १८७१ साली ते परतले तेव्हा त्यांच्या भोवतालच्या काही धर्मगुरूंनी या भगिनींविरुद्ध त्यांचे कान भरले होते. तक्रारी अनेक होत्या : कर्ज झाले आहे, भगिनी अर्धशिक्षित आहेत, वुड्स त्यांना भलत्याच नादाला लावतात. यांतल्या काही तक्रारी अगदीच निराधार होत्या असे नाही. कर्ज होतेच, आणि वुड्स स्वप्नांच्या मागे फार लागत. परंतु आणखी एक गोष्ट होती, जी पुष्कळ वर्षांनी, २०१० साली, लोकांसमोर ठळकपणे आली. १८७० मध्ये कपुंडा गावच्या भगिनींनी तिथल्या एका धर्मगुरूच्या मुलांबरोबरच्या दुर्वर्तनाची तक्रार वरिष्ठांकडे पोहोचविली होती आणि त्या धर्मगुरूला आयर्लंडला परत जावे लागले होते. त्याचा एक स्नेही बिशपांच्या अगदी जवळचा सल्लागार होता. मेरीवर जे संकट आले त्यात या रागाचा वाटा किती, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तक्रार मात्र झाली होती, आणि ती भगिनींनीच केली होती.

बिशपांनी नियम बदलायचे ठरविले. भगिनींत वरच्या आणि खालच्या अशा पायऱ्या पाडायच्या आणि प्रत्येक घर तिथल्या धर्मगुरूच्या ताब्यात द्यायचे. मेरीने नम्रपणे कळविले, की ज्या नियमांवर मी व्रत घेतले ते बदलले तर मला या संघात राहता येणार नाही. २२ सप्टेंबर १८७१ रोजी सकाळी बिशप आपल्या पदाचा पूर्ण पोशाख करून भगिनींच्या घरी आले. एकोणतीस वर्षांच्या मेरीला सर्वांसमोर गुडघे टेकायला लावले आणि तिला धर्मबाह्य ठरविले.

आपल्या भाषेत सांगायचे तर तिला वाळीत टाकले. तिने कोणत्याही धर्मविधीत भाग घ्यायचा नाही. तिच्या संघाच्या बहुतेक शाळा बंद पडल्या. अनेक भगिनींना घराबाहेर काढण्यात आले. ज्या बाईने स्वतःचे घर, लग्न, पैसा यांचा विचार न करता सर्व काही धर्माला वाहिले, तिलाच धर्माचे दार बंद!

या काळातली तिची वागणूक मला सर्वांत मोलाची वाटते. वर्तमानपत्रांतून वाद पेटला होता. तिने एक शब्द जरी लिहिला असता तरी पुष्कळ लोक तिच्या बाजूने उभे राहिले असते. तिने तसे केले नाही. बिशपांविरुद्ध बोलायचे नाही असे तिने भगिनींनाही बजावले. पण आपले म्हणणेही तिने मागे घेतले नाही. नमते घेणे आणि गप्प राहणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे तिला पक्के ठाऊक होते. घराबाहेर काढलेल्या भगिनींना आसरा कोणी दिला? एमॅन्युएल सॉलोमन या ज्यू व्यापाऱ्याने. हा गृहस्थ तरुणपणी इंग्लंडातून काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियात आलेला. पुढे स्वकष्टाने धनिक झाला होता. त्याने आपली घरे त्यांना भाडे न घेता वापरायला दिली. जेझुइट धर्मगुरूंनीही बहिष्कार न जुमानता मेरीला धर्मविधीचा लाभ दिला.

बिशप शील अंथरुणाला खिळले. मरणापूर्वी त्यांना आपली चूक उमगली आणि बहिष्कार उठविण्याची आज्ञा त्यांनी दिली. २३ फेब्रुवारी १८७२ रोजी मॉर्फेट व्हेल येथील चर्चमध्ये मेरीला पुन्हा धर्मात घेण्यात आले. १ मार्चला बिशप वारले. पुढे झालेल्या चौकशीत मेरीकडे काही दोष आढळला नाही.

पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून १८७३ साली मदर मेरी एकट्या रोमला निघाल्या. प्रवासात त्यांनी विधवेचा साधा पोशाख घातला आणि ‘मिसेस मॅक्डोनाल्ड’ असे आईच्या माहेरचे आडनाव लावले. एकटी बाई, आगबोटीचा प्रवास, परकी भाषा आणि पोटात पोपसमोर उभे राहायची धास्ती. पोप नववे पायस यांनी त्यांना भेट दिली व आपुलकीने चौकशी केली. निर्णयाची वाट पाहत त्या इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडात हिंडल्या. शाळा पाहिल्या, मदत मागितली, नव्या भगिनी मिळविल्या. १८७५ च्या जानेवारीत त्या परतल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आयर्लंडच्या पंधरा मुली होत्या आणि रोमने तपासून दिलेले नवे नियम होते. भगिनींची निवडलेली प्रमुखच सर्व शाखा पाहील, हे मुख्य म्हणणे त्यांत राहिले होते. त्याच वर्षी भरलेल्या सभेत तेहतिसाव्या वर्षी त्या संघाच्या प्रमुख निवडल्या गेल्या.

या विजयाची किंमतही पडली. संघाने स्वतःची मालमत्ता मुळीच ठेवू नये, हा वुड्स यांचा मूळचा आग्रह रोमने मान्य केला नाही. ज्या घरात भगिनी राहतात ते त्यांच्या मालकीचे नसेल तर उद्या त्यांना कोणीही बाहेर काढील, आणि १८७१ साली तसे घडलेही होते. मला तरी रोमचा निर्णय शहाणपणाचा वाटतो. पण वुड्स दुखावले. मेरीने आपल्या नियमांसाठी पुरेसे भांडण केले नाही असा त्यांनी ग्रह करून घेतला, आणि ज्या दोघांनी मिळून काम उभे केले त्यांच्यांत कायमचे अंतर पडले. ते १८८९ साली वारले. ज्यांच्या बरोबरीने आपण संस्था काढली, त्यांचीच मने दुरावण्याचे दुःख बिशपांच्या रागापेक्षाही जिव्हारी लागणारे असावे.

बिशपांशी तंटे चालूच राहिले. बाथर्स्टच्या बिशपांना आपल्या ताब्यातला संघ हवा होता. १८७६ साली मदर मेरींच्या भगिनी तेथून निघाल्या आणि बिशपांनी आपला वेगळा संघ ठेवला. क्वीन्सलंडमध्येही तेच. १८८० पर्यंत भगिनींना तोही मुलूख सोडावा लागला. उभ्या केलेल्या शाळा, ओळखीची झालेली मुले, सर्व मागे ठेवून पुन्हा बिऱ्हाड पाठीवर.

१८८३ साली ॲडलेडचे बिशप रेनल्ड्स यांनीही पाठ फिरविली. एके काळी ते मदर मेरींचे पाठीराखे होते. संघाचे कर्ज आणि मदर मेरींचे मद्यपान असे दोन आरोप पुढे आले. मद्यपानाची हकीगत अशी : त्यांना दर महिन्याला अतिशय वेदना होत, कधी कधी दिवसेंदिवस अंथरुणावर पडून राहावे लागे. डॉक्टरांनी त्यावर ब्रँडी सांगितली होती आणि ती त्या औषध म्हणून घेत. बाईच्या दुखण्यावरचे औषध तिच्या बदनामीचे साधन व्हावे, यापरते दुर्दैव कोणते? त्यांना ॲडलेड सोडून जाण्यास सांगण्यात आले. त्या सिडनीला गेल्या. त्याच १८८३ साली आपल्या पंडिता रमाबाई इंग्लंडात वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे होत्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही याबद्दल तिथेही थोड्याच काळात बिशपांचे मत आडवे आले. पंथ निराळा, देश निराळा, पण गाठ तीच.

१८८५ साली मदर मेरींची मागची निवडणूक नियमात बसत नाही असे ठरवून त्यांना प्रमुखपदावरून दूर केले आणि मदर बर्नार्ड वॉल्श यांना नेमले. मदर बर्नार्ड स्वभावाने चांगल्या, पण मदर मेरींची दूरदृष्टी त्यांच्याकडे नव्हती. आपणच काढलेल्या संघात, दुसरीच्या हाताखाली, मदर मेरी चौदा वर्षे राहिल्या. अध्यक्षपद गेल्यावर सतरंजीवर येऊन बसणे किती जड जाते, हे ज्यांनी मंडळे चालविली आहेत त्यांना ठाऊक आहे. मदर मेरी सतरंजीवर बसल्या इतकेच नव्हे, तर सतरंजी अंथरायलाही उठल्या. सांगितले तिथे गेल्या, शाखा पाहिल्या, दूरदूरच्या भगिनींना पत्रे लिहून धीर दिला. याच काळात, ३० मे १८८६ रोजी, त्यांच्या आई भगिनींच्या मदतीसाठी भरणाऱ्या जत्रेकरिता आगबोटीने सिडनीला निघाल्या होत्या. ‘ली-ई-मून’ ही ती बोट ग्रीन केपच्या खडकांवर फुटली आणि आई बुडाल्या.

त्यांचे दोन वर्षांनी एक मोठे समाधान झाले. १८८८ साली पोप तेरावे लिओ यांनी संघाला आणि त्याच्या मध्यवर्ती कारभाराला कायमची मान्यता दिली. ज्यासाठी एकवीस वर्षे सोसले ते मिळाले. ते मिळाले तेव्हा मदर मेरी प्रमुखपदी नव्हत्या.

मदर बर्नार्ड १८९८ मध्ये वारल्या आणि १८९९ च्या जानेवारीत भगिनींनी मदर मेरींना पुन्हा निवडून दिले. तोवर संघ न्यूझीलंडपर्यंत पसरला होता. तिथेच रोटोरुआ गावी १९०२ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. त्या डाव्या हाताने लिहायला शिकल्या, चाकाच्या खुर्चीत बसून काम पाहू लागल्या. आणि १९०५ साली भगिनींनी त्यांनाच पुन्हा निवडले. ८ ऑगस्ट १९०९ रोजी उत्तर सिडनी येथे त्यांनी देह ठेवला.

१९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी सिडनीत त्यांना धन्य घोषित केले आणि १७ ऑक्टोबर २०१० रोजी रोममध्ये त्यांना संतपद मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या त्या पहिल्या संत. ज्या धर्मसंस्थेने एके काळी त्यांना वाळीत टाकले, तिनेच त्यांना वेदीवर बसविले.

पण लोकांनी इतकी वर्षे वाट पाहिली नव्हती. दफन झाल्यावर माणसे त्यांच्या थडग्यावरची माती मुठीमुठीने घरी नेऊ लागली. अखेर १९१४ साली त्यांचा देह तिथून काढून माउंट स्ट्रीटवरच्या प्रार्थनामंदिरात ठेवण्यात आला. त्यासाठी बांधलेली संगमरवरी समाधी जोआना बार स्मिथ या त्यांच्या जुन्या मैत्रिणीने दिली. जोआनाबाई प्रेस्बिटेरियन पंथाच्या होत्या. कॅथॉलिक त्या कधीच झाल्या नाहीत.